दांपत्य-छायाचित्र (एकोणिसावे शतक, मुंबई)

विवाहित जोडप्याचे स्टुडिओत काढलेले छायाचित्र. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली; डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, तर त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढत. फोटो काढणे ही शहरातली, ऐपतीची गोष्ट होती. नेहमीची मांडणी अशी: पगडी-उपरण्यातला पुरुष खुर्चीत, हात पुस्तकावर किंवा काठीवर, बाजूला नऊवारीतली पत्नी उभी, पदर सावरलेला. कधी तिच्या पावलांमागे, तिला स्थिर ठेवणाऱ्या लोखंडी टेकूची बैठक डोकावते. ही रचना तंत्रामुळे झाली, असे काहीजण म्हणतात, कारण काचेच्या ओल्या प्लेटसाठी काही सेकंद निश्चल राहावे लागे. पण स्थिर राहणे बसलेल्याला सोपे, उभ्याला अवघड. मग अवघड जागा पत्नीच्या वाट्याला का, याचे उत्तर तंत्र देत नाही. घरातली रीत देते. नवऱ्यासमोर खुर्चीवर न बसणे हा तिथे मर्यादेचा भाग होता.

युरोपातही बसलेला पती, उभी पत्नी ही मांडणी रूढ होती, म्हणून हे केवळ अनुकरण, असेही म्हणता येईल. मात्र इथल्या रीतीशी जुळली नसती, तर ती इतकी सहज रुजली नसती. उलट दोघे शेजारी बसलेले चित्र सुधारक घराची खूण म्हणून वाचता येते. तरी एका फोटोवरून संसाराची पारख करू नये. उदाहरणार्थ, वैद्यक शिकणाऱ्या आनंदीबाई जोशींचे 1885 चे फिलाडेल्फियातले प्रसिद्ध छायाचित्र पतीसोबतचे नाही. त्यात जपान व सिरियाच्या दोन वैद्यक विद्यार्थिनी त्यांच्याबरोबर आहेत.