थररचित अँटेनांचा कला-बदल

हौशी रेडिओत एकाच मनोऱ्यावर वर-खाली बसवलेल्या दोन यागी अँटेनांपैकी एकीची कला, म्हणजे फेज, १८० अंशांनी उलटवण्याची सोय. दोन्ही समकलेत असता लहरी क्षितिजालगत, कमी कोनात निघतात व दूरची केंद्रे साधतात; विरुद्ध कलेत त्या उंच कोनात जातात, म्हणून जवळच्या केंद्रांशी संपर्क सुधारतो. बदल रिलेने होतो : एका अँटेनेच्या वाटेत अर्ध्या तरंगलांबीची जादा कोॲक्स केबल येते. १४.१५ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी सुमारे १०.६ मीटर, पण केबलमध्ये लहरी मंदावतात, त्यामुळे ०.६६ वेगगुणकाची केबल ७ मीटर पुरते. हे माप अर्थातच त्या एका पट्ट्यापुरते. प्रक्षेपण चालू असताना रिले फिरवू नये, संपर्कबिंदू जळतात.