जुलै व ऑगस्ट : दोन रोमन नावांची व्युत्पत्ती

ऑगस्ट महिन्यास एकतीस दिवस का, या प्रश्नाचे एक उत्तर सर्रास ऐकू येते. ज्युलियस सीझरच्या महिन्याहून आपला महिना लहान असू नये म्हणून ऑगस्टसने फेब्रुवारीतील एक दिवस काढून ऑगस्टला जोडला, असे ते उत्तर होय. या कथेचा उगम तेराव्या शतकातील सॅक्रोबॉस्को या पंडिताच्या कालगणनाविषयक ग्रंथात आहे. अस्सल पुरावा मात्र तिच्या विरुद्ध जातो. १९१५ साली इटलीतील अँझिओ येथे सीझरपूर्व काळातील एका भित्तिपंचांगाचे तुकडे सापडले. त्यात क्विंटिलिसचे दिवस ३१ व सेक्स्टिलिसचे २९ दिले आहेत. मॅक्रोबियसच्या म्हणण्याप्रमाणे, ३५५ दिवसांचे जुने वर्ष ३६५ दिवसांचे करताना खुद्द सीझरनेच सेक्स्टिलिसला दोन दिवस जोडले. अर्थात इ. स. पू. ४५ पासूनच तो महिना एकतीस दिवसांचा होता. ऑगस्टसने बदलले ते केवळ नाव.

क्विंटिलिस म्हणजे पाचवा, सेक्स्टिलिस म्हणजे सहावा. ही नावे वर्षारंभ मार्चमध्ये होत असे त्या काळातील आहेत. क्विंटिलिस हा सीझरचा जन्ममास. इ. स. पू. ४४ मध्ये मार्क अँटनीच्या प्रस्तावावरून त्यास ‘ज्युलियस’ हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सीझरचे व्यक्तिनाम गायस. ज्युलियस हे कुलनाम. म्हणजे महिन्याला मिळाले ते व्यक्तीचे नव्हे, कुळाचे नाव. लॅटिनमध्ये महिन्यांची नावे मूलतः ‘मास’ या शब्दाची विशेषणे असतात आणि कुलनामाची घडणही विशेषणाचीच. त्यामुळे कोणताही प्रत्यय न लावता कुलनाम महिन्याला चिकटू शकले.

हे कुळ आपला वंश ईनिअसचा पुत्र यूलुस याच्यापर्यंत नेत असे. व्हर्जिलच्या महाकाव्याने ही वंशकथा रूढ केली. ती राजकीयदृष्ट्या सोयीची होती, एवढेच म्हणता येईल. भाषाशास्त्रज्ञांचा कल ज्युलियसचा संबंध ‘योविस्’ म्हणजे ज्युपिटर या देवाच्या नावाशी जोडण्याकडे आहे. ज्युपिटर हा आपल्या वेदांतील द्यौष्पितर्. हे मत मान्य केल्यास आपल्या ‘दिवस’ या शब्दातील धातू आणि ‘जुलै’ यांचे मूळ एकच ठरते.

नवे नाव सर्वांना रुचले नव्हते. सीझरच्या वधानंतर त्याच वर्षी ब्रूटस नगर-प्रेटर या नात्याने अपोलोचे खेळ भरवीत होता. त्यांच्या जाहीरनाम्यात ‘ज्युलियस’ महिन्याची तिथी छापल्यासारखी ठसठशीत लिहिली गेली. त्याने ब्रूटस अत्यंत व्यथित झाला आणि खेळांनंतरच्या पशुमृगयेची तिथी ‘क्विंटिलिस’ या जुन्या नावानेच लिहवून घेण्याचे त्याने ठरविले. ही हकीकत सिसरोच्या अ‍ॅटिकसला लिहिलेल्या पत्रांत आहे. ज्याला खंजिराने संपविले तो पंचांगात जिवंत राहिला, हे ब्रूटसला सलले असावे.

‘ऑगस्टस’ हे तर जन्मनामही नव्हे. इ. स. पू. २७ च्या १६ जानेवारीस प्लँकसच्या सूचनेवरून सीनेटने ऑक्टेव्हियनला ही उपाधी दिली. सुएटोनियसच्या सांगण्याप्रमाणे ‘रोम्युलस’ हे नावही काहींनी सुचविले होते. त्याला राजेशाहीचा वास होता. ‘ऑगस्टस’ला धर्माचे वलय होते. ‘वाढविणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी त्याचा संबंध आहे, आणि संस्कृतातील ‘ओजस्’ व ‘उग्र’ हे शब्द त्याच मूळ धातूचे. महिन्याचे नामांतर मात्र इ. स. पू. ८ मधले. ऑगस्टसचा जन्म सप्टेंबरमधला, तरी निवड सेक्स्टिलिसची झाली. पहिले कॉन्सलपद, तीन विजययात्रा व ईजिप्तचा पाडाव या घटना त्याच महिन्यात घडल्या, हे कारण मॅक्रोबियसने जतन केलेल्या सीनेटच्या ठरावात स्पष्ट नोंदलेले आहे.

पुढे टायबेरियसने नोव्हेंबरला स्वतःचे नाव देऊ दिले नाही. सीझर तेरा झाले तर काय कराल, असे त्याने सीनेटला विचारल्याचे डिओ सांगतो. नीरोने एप्रिलला, डोमिशियनने सप्टेंबर-ऑक्टोबरला आणि कॉमोडसने तर बाराही महिन्यांना आपली नावे व बिरुदे दिली. कॉमोडसचा वध इ. स. १९२ च्या अखेरीस झाला आणि जुनी नावे पुन्हा चालू झाली.