स्तोत्र आणि बँड

काशीच्या दशाश्वमेध घाटापासून थोड्याच अंतरावर मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांचे कारभारी श्रीधर मुन्शी यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. काशीत महाराष्ट्राच्या खुणा अशा दगडांवर आहेत, तशा त्या इतिहासाच्या पानांवरही आहेत. डिसेंबर १९०५ मध्ये राष्ट्रीय सभेचे एकविसावे अधिवेशन याच नगरीत भरले, तेव्हा अध्यक्षपदी नामदार गोपाळ कृष्ण गोखले होते. वंगभंगामुळे सारा देश प्रक्षुब्ध झाला होता. त्या अधिवेशनात सरलादेवी चौधुराणी यांनी ‘वंदे मातरम्’ गायिले.

बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील हे गीत मुळात संन्याशांच्या तोंडचे स्तोत्र होय. त्याला एक ठरलेली चाल नव्हती. १८९६ साली कलकत्त्याच्या अधिवेशनात रवींद्रनाथांनी ते आपल्या चालीत म्हटले, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी काफी रागात म्हटले. गायक बदलला की गीताचे वस्त्र बदलावे आणि आत्मा तोच राहावा, ही आपली जुनी रीत आहे. परंतु स्वातंत्र्य आले आणि या रीतीपुढे एक निराळाच प्रश्न उभा राहिला. राष्ट्रगीत केवळ कंठातून उमटून भागत नाही. कोणत्याही देशातील बँडने ते कागदावरून वाचून, नेमक्या वेळात, एकसारखे वाजविले पाहिजे.

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्क येथे भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली. जवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तिच्यावरून वाद्यवृंदाने सराव केला आणि ते गीत सर्वांना आवडले. पुढे २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटनासमितीत ही हकीगत सांगितली. ‘वंदे मातरम्’ची सुरावट वाद्यवृंदास सुलभ नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

या आक्षेपाला कृतीने उत्तर देण्याचे कार्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी अंगावर घेतले. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य रंगभूमीवर वाढलेला. ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या प्रभातच्या बोलपटांचे संगीत त्यांचेच. समूहाने गावयाचे आणि अनेक वाद्यांनी उचलून धरावयाचे गीत कसे बांधावे, याचा त्यांना अनुभव होता. त्यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बसविले आणि मुंबई पोलिसांच्या बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर यांच्या साहाय्याने त्या चालीचे बँडसाठी पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन सिद्ध केले.

यातील अडचण वरवरची नव्हती. आपले गाणे एका अचल षड्जावर उभे असते. बँडला मात्र स्वरांखाली बदलत जाणारे स्वरसमूह लागतात. झिंझोटीत कोमल निषादाला मानाचे स्थान आहे, तर पाश्चात्त्य पद्धतीत वाक्य पूर्ण करताना बहुधा शुद्ध निषादाची ओढ असते. दोहोंपैकी कोणाला किती वाव द्यावा, हे चालीच्या प्रत्येक वळणावर ठरवावे लागते. शिवाय ही रागिणी मंद्र आणि मध्य सप्तकांत रमणारी. उघड्या मैदानावर तर उंच स्वर दूरवर पोहोचतात. मींड ट्रॉम्बोनवर घेता येईल, पण कॉर्नेटच्या पडद्यांवर ती तुटते. म्हणून कोणता कण सोडावा आणि कोणता जपावा, याचा विवेक हाच अशा कामाचा गाभा असतो.

हा पेच केवळ भारताचा नव्हे. अमेरिकेतील निग्रो गुलामांची भक्तिगीते १८६७ साली प्रथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील घसरते स्वर कागदावर उतरत नाहीत, अशी खंत संपादकांनीच नोंदविली होती. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील गायक-गायिकांनी तीच गीते पाश्चात्त्य स्वरमेळात बांधून गावोगाव गायिली आणि आपल्या संस्थेसाठी निधी उभारला. पुढे ही गीते बँडच्या मैफलींतही शिरली. शेतावर नि प्रार्थनागृहात गाणाऱ्यांचा मोकळेपणा त्या बांधीव रूपात उणावला, हे खरे. परंतु त्या रूपानेच गीते जगापुढे गेली, हेही तितकेच खरे.

कृष्णरावांनी आपली चाल दिल्लीस घटनासमितीच्या सभासदांना प्रत्यक्ष ऐकविली. निर्णय मात्र निराळा झाला. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत होईल आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे जाहीर केले. या निर्णयामागे केवळ संगीताची कारणे नव्हती. गीतातील देवीच्या प्रतिमांविषयीचा वाद पूर्वीपासून चालत आला होता आणि तो कोणत्याही स्वरलेखनाने मिटण्यासारखा नव्हता.

तरीही हा खटाटोप वाया गेला, असे म्हणता येणार नाही. आपले स्वर बँडला पेलत नाहीत, हा समज खोटा आहे, हे एका गवयाने आणि एका बँडप्रमुखाने मिळून दाखवून दिले. राष्ट्राने कोणते गीत निवडावे, हे सभागृह ठरविते. एखादे गीत वाजविता येते की नाही, हे मात्र वाजवूनच ठरते. कृष्णरावांनी ते वाजवून दाखविले.