रतनपूरचे बिंबाजी भोसले

राज्य जिंकणे निराळे आणि राज्यात रुजणे निराळे. छत्तीसगडातील मराठी अंमल याची साक्ष देतो.

इ. स. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम यांनी रतनपूर घेतले आणि हैहयवंशीयांची शतकानुशतकांची सत्ता खालसावली. १७५५ साली रघूजी निवर्तले. पुत्रांत वारशाचा तंटा माजला आणि त्यातून धाकट्या बिंबाजींच्या वाट्यास हा दूरचा, अरण्याने वेढलेला मुलूख आला. वाटा दुय्यम खरा. पण बिंबाजींनी त्यालाच आपले घर मानले. रतनपुरास राहून त्यांनी रायपूरसह सारा प्रांत एका कारभाराखाली आणला, दरबारी मराठी रूढ केली, रामटेकडीवर राममंदिर उभारले. नावाने ते नागपूरचे अंकित होते; व्यवहारात मात्र स्वतंत्र राजेच होते.

१७८७ मध्ये ते वारले. त्यांच्यामागून व्यंकोजींनी नागपुरास राहून सुभेदारांकरवी राज्य हाकले. सुभेदारी म्हणजे वसुलीचा मक्ता झाली. धनी दूर राहिला, जिव्हाळा आटला. १८१८ मध्ये इंग्रजांचा शिरकाव झाला आणि कर्नल ॲग्न्यूने मुख्य ठाणे रायपुरास हलविले.

राजधानी गेली. टेकडीवरचे राममंदिर मात्र रतनपुरातच राहिले.