मोहोर व लांबलेली थंडी (शहापूर–मुरबाड)

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत हिमवर्षाव होत नाही. लवकर फुलणाऱ्या झाडांना येथे धोका असतो तो जानेवारी-फेब्रुवारीतील लांबलेल्या थंडीचा, धुक्याचा व ढगाळ हवेचा. माहुली-माळशेजच्या पायथ्याचा हा भाग समुद्रापासून आत असल्याने रात्री किनारपट्टीपेक्षा गार असतात. याचा ठळक परिणाम आंब्याच्या मोहोरावर दिसतो.

फलधारणा : आंब्याच्या एकाच तुऱ्यात नर व उभयलिंगी फुले असतात, फळ धरते ते उभयलिंगी फुलालाच. तुरा वाढताना थंडी कडक राहिल्यास अशा फुलांचे प्रमाण घटते. तापमान सुमारे १५° से.खाली गेल्यास परागनलिकेची वाढ मंदावते. परागीभवन करणाऱ्या माश्यांचा वावरही कमी होतो.

पुनर्मोहोर : फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा थंडी पडली, तर त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. अन्नरस तिकडे वळून आधीची फळे गळतात. यावर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जिबरेलिक आम्लाच्या ५० पीपीएम तीव्रतेच्या फवारणीची शिफारस केली आहे.

रोग व कीड : ढगाळ, दमट हवेत भुरी व करपा पसरतात. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढून पाने काजळल्यासारखी दिसतात.

बियांपासून वाढलेली रायवळ झाडे वेगवेगळ्या वेळी मोहोरतात. त्यामुळे थंडीच्या एका लाटेत सर्वांचा मोहोर एकदम वाया जात नाही. म्हणून बांधावरची ही जुनी झाडे जपणे अगत्याचे आहे.