थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करायची का?

‘मला थायरॉईड आहे’ असं अनेक जण सांगतात. खरं तर थायरॉईड सगळ्यांनाच असते. ती गळ्यातली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती मंदावण्याचं, मीठ आयोडीनयुक्त असलेल्या भागांतलं, सगळ्यात मोठं कारण म्हणजे हाशिमोटो.

हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये चार महिलांच्या ग्रंथींवरून या आजाराचं वर्णन केलं. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते. हळूहळू हार्मोन कमी पडतं आणि थकवा, बद्धकोष्ठता, केस गळणं, थंडी सहन न होणं, पाळी बिघडणं सुरू होतं. ‘कामाचा ताण असेल’ म्हणून यातलं बरंच काही अंगावर काढलं जातं. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये हा आजार कितीतरी जास्त आढळतो.

रक्तात टीएसएच वाढलेलं आणि टीपीओ अँटीबॉडी पॉझिटिव्ह असेल, तर निदान जवळपास पक्कं. अँटीबॉडीची तपासणी एकदा पुरते, दरवेळी त्यावर पैसे घालवायची गरज नसते.

आता गोळीचं. लेव्होथायरॉक्सिन शरीरात कमी पडलेलं हार्मोन भरून काढतं, हल्ला थांबवत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. गोळी सोडली तरी काही आठवडे बरं वाटतं, कारण औषधाचा अंश रक्तातून सावकाश उतरतो. फसगत इथेच होते.

गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यावी. चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवं. सोयाबीन मराठवाड्याचं मुख्य पीक. सोयाबीन वड्या खायला हरकत नाही, फक्त गोळीच्या वेळी नकोत. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस डॉक्टरांना विचारून थांबवा, नाहीतर रिपोर्ट चुकू शकतो.

किनवटहून नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दीडशे किलोमीटरच्या आसपास. आदिलाबाद त्याहून जवळ. पण डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी करायची टीएसएच तपासणी गावातल्या लॅबमध्ये रक्त देऊनही होते. फक्त गरोदरपणात थांबू नये. पहिल्या तीन महिन्यांत बाळ आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं आणि डोस बहुतेकींना वाढवावा लागतो. त्यामुळे पाळी चुकली की त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.