अपोलो–१३ चे प्रत्यागमन

अपोलो–१३ चे प्रत्यागमन : चंद्राकडे जाताना वाटेत निकामी झालेले अमेरिकेचे अवकाशयान तीन अंतराळवीरांसह पृथ्वीवर सुखरूप परतल्याची घटना (१७ एप्रिल १९७०).

हे यान ११ एप्रिल १९७० रोजी केनेडी अवकाश केंद्रावरून निघाले. १९६९ मध्ये दोनदा मानव चंद्रावर उतरून परतला असल्याने असा प्रवास लोकांना नित्याचा वाटू लागला होता. १३ एप्रिलच्या रात्री जेम्स लव्हेल, जॉन स्वायगर्ट व फ्रेड हेझ यांनी यानातून पाठविलेला दूरचित्रवाणी कार्यक्रम अमेरिकेतील प्रमुख दूरचित्रवाणी संस्थांनी त्या वेळी प्रक्षेपितही केला नाही. त्यानंतर थोड्याच वेळात, पृथ्वीपासून ३ लक्ष कि.मी.हून अधिक अंतरावर, सेवाकक्षातील ऑक्सिजनच्या एका टाकीचा स्फोट झाला. दुसऱ्या टाकीतील ऑक्सिजनही निसटू लागला व यानाचा वीजपुरवठा बंद पडत गेला. चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून देऊन, चंद्राला वळसा घालून परतण्याचे ठरले. दोन माणसांना सु. दोन दिवस पुरेल असा चांद्रकक्ष तिघांनी सु. चार दिवस आश्रयासाठी वापरला. वीज व पाणी यांची अत्यंत काटकसर करावी लागली. थंडीने आज्ञाकक्षात दंव साचले.

या अपघातानंतर साऱ्या जगाचे लक्ष परतीच्या प्रवासाकडे वेधले गेले. सोव्हिएट संघासह अनेक देशांनी साहाय्य देऊ केले. ठिकठिकाणी प्रार्थना झाल्या. भारतात दूरचित्रवाणी तेव्हा दिल्लीपुरतीच मर्यादित असल्याने बहुतेकांना ही वार्ता आकाशवाणी व वृत्तपत्रे यांतूनच कळत होती.

अखेरचा टप्पा सर्वांत धोक्याचा होता. वातावरणातील प्रवेशाचा कोन तीव्र झाल्यास यान जळून जाण्याचा व उथळ झाल्यास ते अवकाशात परत फेकले जाण्याचा संभव होता. प्रवेशापूर्वी सेवाकक्ष विलग केल्यावर त्याची एक संपूर्ण बाजू उडून गेल्याचे अंतराळवीरांना दिसले. लगतच्या उष्णतारोधक कवचाला धक्का लागला आहे किंवा नाही, हे पडताळण्याचे साधन नव्हते. सु. ११ कि.मी./से. वेगाने यान वातावरणात शिरताच त्याभोवतीच्या तप्त, आयनीभूत वायूमुळे रेडिओ-संपर्क तुटला. हे अपेक्षितच होते. परंतु अपेक्षित सु. तीन मिनिटे लोटली, तरी उत्तर आले नाही. त्यानंतर एक मिनिटाहून अधिक काळ ह्यूस्टन येथील नियंत्रण केंद्रास व दूरचित्रवाणी पाहणाऱ्या कोट्यवधी लोकांस वाट पाहण्यावाचून काहीच करता येत नव्हते. अखेर स्वायगर्ट यांचा आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ तीन मोठी हवाई छत्रे पडद्यावर दिसली. दक्षिण पॅसिफिक महासागरात यान उतरले, तेव्हा भारतात रात्रीचे ११ वाजून ३७ मिनिटे झाली होती. पाऊण तासात तिघेही ‘आयवो जीमा’ या जहाजावर पोहोचले.

चौकशीत असे आढळले की, उड्डाणपूर्व चाचण्यांच्या वेळी अतितापनाने टाकीतील तारांचे विद्युत् निरोधक आवरण खराब झाले होते आणि तेथे ठिणगी पडून स्फोट झाला. टाक्यांच्या रचनेत बदल करून व ऑक्सिजनची एक जादा टाकी बसवून अपोलो–१४ जानेवारी १९७१ मध्ये सोडण्यात आले. चंद्रावर उतरण्याचा हेतू असफल होऊनही अपोलो–१३ संस्मरणीय ठरले, ते त्याच्या प्रत्यागमनामुळे.